चेअरमनच्या गाडीचा पोचा

माणसाने दारू प्यायली तर आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला कुणी काही विचारत नाही. बिचारा दमतो, म्हणतात. पत्ते कुटत बसला तरी चालतं. मोबाइलमध्ये नाक खुपसून सुट्टीचा अख्खा दिवस घालवला, तर तो जगाबरोबर चाललाय. पण हाताला काळं लागलेल्या माणसाने कामावरून येऊन, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या हाताने काही सुंदर करायला घेतलं, की सगळ्यांच्या पोटात कळ येते. ‘ह्या वयात खेळणी?’ हा प्रश्न मी इतक्या तोंडांनी विचारलेला ऐकलाय की आता ऐकला की माझा हात कपाळाकडे न जाता चपलेकडे जातो. मोठ्या माणसाने केलं तर छंद, कामगाराने केलं तर चाळा. हे ज्यांनी ठरवलं, ते मला एकदा समोरासमोर भेटायला हवेत.

तर, आमचे डेंटरमामा. सगळी बिल्डिंग त्यांना मामा म्हणते, आणि त्यांच्या बायकोला मामी. मामांचं काम गाड्यांचे पोचे काढायचं. कुणी कुणाला ठोकलं, दार चेपलं, मडगार्ड आत गेलं, की गाडी गॅरेजात मामांच्या पुढ्यात येते. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी, आणि टकटक टकटक करत पत्र्याला समजावत जागेवर आणायचं. ‘समजावत’ हा त्यांचाच शब्द. पत्रा हाणायचा नसतो. हाणला की ताणतो, आणि ताणलेला पत्रा आणि बिघडलेला मेव्हणा पुन्हा सरळ होत नाही, असं ते म्हणतात. मेव्हणे त्यांना पुष्कळ आहेत, त्यामुळे मामी हे ऐकलं की भांडी जरा जोरात ठेवतात.

दिवसभर पोचे काढून हा माणूस घरी येतो आणि करतो काय, तर पोचे पाडतो.

मामा लहान गाड्या बनवतात. वीतभराहून जरा आखूड. खऱ्या गाडीची मापं घ्यायची, चोवीसने भागायचं, आणि त्या मापाने सगळी गाडी उभी करायची. दाराची मूठ, वायपर, आतल्या सीटवरची शिलाई, सगळं. बाजारात तयार भागांच्या पेट्या मिळतात, भाग जोडले की झाली गाडी. कुणीतरी तशी एक पेटी मामांना भेट दिली होती. त्यांनी उघडली, बघितली आणि झाकण लावून ठेवून दिली. सगळं त्यांनीच करून ठेवलंय, मग मी काय करू, म्हणाले. त्यांच्या गाड्यांचा पत्रा थंड पेयांच्या डब्यांचा. काच म्हणजे शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. टायर फाटक्या चपलेच्या रबराचे, आस सायकलच्या तारेचा, पुढची जाळी जुन्या बॅगेच्या चेनचे दात कापून केलेली. मागचे लाल दिवे मामींच्या नेलपॉलिशचे, आणि त्यावरून घरात भांडण झालं नाही असा महिना नाही. रंग मात्र खरा, गॅरेजातला, डब्याच्या बुडाशी राहिलेला.

आणि एक गोष्ट पक्की. नवी कोरी गाडी मामा करत नाहीत. आमच्या समोरच्या टॅक्सीवाल्याचं दार नीट लागायचं नाही म्हणून तो ते तारेने बांधायचा. मामांच्या टॅक्सीलाही ती तार आहे, केसाएवढी. पाववाल्याची व्हॅन केली, तिच्या मागच्या दाराचा रंग क्रेट घासून घासून जिथे उडाला होता, तिथेच उडवलाय. हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेचा बंपर ड्रायव्हरने चक्क जखमेच्या पट्टीने चिकटवला होता. मामांनी तीही पट्टी लावली. चाकांवरची धूळ गॅरेजच्या फरशीवरची असते, मामींच्या जुन्या मोज्यातून चाळून घेतलेली. डाग नसलेली गाडी शोरूममध्ये असते, ते सांगतात. रस्त्यावर आली की तिला आयुष्य लागतं. ते काढून टाकलं तर हातात उरतं ते खेळणं.

बघा, खेळणं हा शब्द त्यांनाही माहीत आहे. फक्त ते तो योग्य ठिकाणी वापरतात.

हे सगळं चालायचं जिन्याखालच्या खोलीत. तिथे पूर्वी पाण्याचा पंप होता. पंप हलला, खोलीत उंदीर राहायला आले. मामांनी जुन्या चेअरमनना विचारलं, ते म्हणाले, उंदरांपेक्षा तुम्ही बरे. एवढंच. तोंडी. मामांनी खोली घासली, भिंतीला चुना मारला, टेबल टाकलं, वर एक दिवा लोंबवला. छत तिरकं, जिन्याबरोबर उतरत जाणारं, त्यामुळे उभं राहिलं की डोकं आपटतं. मामा आत गेले की बसतात, आणि बसले की उठत नाहीत. वरून जिन्यात कुणाची पावलं वाजली की टेबल थरथरतं, म्हणून हातातला ब्रश उचलून धरायचा, पावलं गेली की पुन्हा टेकवायचा. कोण चढतंय हे त्यांना आवाजावरून कळतं असं लोकांना वाटतं. अजिबात कळत नाही. माणसांकडे त्यांचं लक्षच नसतं. मामी म्हणतात, ह्यांना कुणी भेटायला आलं तर आधी त्याचा बंपर बघतात.

मामींचा हा टोमणा मी तेव्हा हसण्यावारी नेला होता. पुढे तोच खरा निघाला.

आता चेअरमन. हे नवे. फरशांचा धंदा. आवाज असा की माइक लाजेल, आणि तरी माइक लागतोच. गोरीगोमटी पांढरी गाडी, रोज पुसलेली. त्यांच्या मुलाला आणखी एक गाडी घ्यायची होती आणि ती उभी करायला जागा नव्हती. मग एका सकाळी त्यांना अचानक आगीची काळजी वाटायला लागली. जिन्याखाली थिनर, रंग, ठिणगी पडली तर सगळ्यांचा जीव जाईल. खोली पाडावी. पाडल्यावर जी मोकळी जागा होईल ती, सुदैवाने, बरोबर एका गाडीच्या मापाची होती.

मी त्यांना तिथल्या तिथे विचारलं की बिल्डिंगच्या मागच्या दाराशी तुमच्या फरशांची खोकी छताला टेकलीत, आग लागली तर माणसं त्यांच्यावरून उड्या मारणार का. त्यांनी माझ्याकडे बघून स्मित केलं आणि ‘मॅडम नेहमीप्रमाणे तापल्यात’ असं म्हणून विषय सभेवर ढकलला. रविवारी सकाळी, खाली पार्किंगमध्ये, सगळ्या सभासदांची सभा. हात वर करून निर्णय.

मामांसाठी ती खोली म्हणजे काय होतं, हे मी सांगत बसत नाही. घर दीड खोलीचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर रंग चालत नाही, बाल्कनी नाही. खोली गेली की गाड्या गेल्या, इतकं सरळ. मामा जेवायचे कमी झाले आणि खोलीत जास्त बसायला लागले, घर सोडायच्या आधी माणूस भिंतींना हात लावत फिरतो तसे.

युक्ती मामींनी काढली. मी सह्या गोळा करत दारोदार फिरत होते, तर मामी म्हणाल्या, सह्यांनी कुणी विरघळलंय का आजवर? त्याला त्याचीच गाडी करून द्या. माणूस स्वतःचा फोटो फाडत नाही. मला हे मुळीच पटलं नाही. जे हक्काचं आहे त्यासाठी नजराणा कशाला. तसं मी स्पष्ट सांगितलं, आणि मामींनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं की, ताई, तुमची लढाई तुम्ही लढा, माझा नवरा मला ठेवायचाय.

मामा कामाला लागले. त्यांना नजराणा वगैरे काही कळत नव्हतं. त्यांना एक गाडी करायला मिळाली होती. सभेपर्यंत ते गॅरेजातून परस्पर खोलीत जायचे आणि मामी ताट खाली आणून द्यायच्या.

रविवारी खुर्च्या मांडल्या. चेअरमन मधोमध, शेजारी सेक्रेटरी. सभासद आपापल्या गाड्यांच्या सावलीत. नर्सबाईंची खुर्ची पहिल्या रांगेत, कारण त्यांना काठी टेकून चालावं लागतं. नर्सबाईंचं थोडं सांगायला हवं. सरकारी हॉस्पिटलमध्ये सगळी नोकरी पोपटी हिरव्या स्कूटरवरून केलेली बाई. गेल्या वर्षी भरदुपारी ड्यूटीला निघाल्या, फाटकातून बाहेर वळल्या आणि मागून येऊन पुढे निघालेल्या एका गाडीने कुशीने घासत उडवलं. गाडी थांबली नाही. बाई तोंडावर पडल्या, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. कुणीतरी म्हणालं पांढरी होती, पण पांढऱ्या गाड्या काय, गल्लीत दर दोन घरांमागे एक. पायात सळई घातली. नोकरी वेळेआधी सुटली. स्कूटर भंगारात गेली. चेअरमन स्वतः हॉस्पिटलात फळं घेऊन गेले होते. बेदरकार ड्रायव्हरांवर त्यांनी सभेत भाषण केलं आणि फाटकाशी एक मोठा गोल आरसा बसवून दिला. त्यावर त्यांचं नाव आहे.

मामांनी बुटांचं खोकं उघडलं, फडकं बाजूला केलं आणि गाडी टेबलावर ठेवली.

मी पुष्कळ सभा बघितल्यात. खुर्च्या अशा एकदम मागे सरकलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. सगळे वाकले. नंबरप्लेट, आरशाला लटकवलेली छोटी माळ, मागच्या काचेतला टिश्यूचा डबा, सगळं होतं. पुढच्या सीटवर चेअरमन गॉगल ठेवतात, तर तिथे गॉगल. चेअरमनचा चेहरा असा उघडला की मला क्षणभर वाटलं, मामींनी जिंकलं. ते म्हणाले, अरे वा, अरे वा, आणि गाडी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवायला लागले. एका बाजूने दाखवली. मग दुसरी बाजू दाखवायला वळवली.

डाव्या मागच्या दाराला पोचा होता. चाकाच्या कमानीपासून निघालेली, दारावर तिरकी गेलेली एक खोल घडी. आणि घडीच्या कडेने घासून बसलेला रंग. पोपटी हिरवा.

चेअरमनचा हात तसाच वर होता. त्यांच्या बाजूने गाडीचा चांगला अर्धा भाग दिसत होता, त्यामुळे लोक गप्प का झाले ते त्यांना जरा उशिरा कळलं. नर्सबाई म्हणाल्या, द्या बघू इकडे. कुणीतरी गाडी चेअरमनच्या हातातून घेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. बोट लावलं नाही, नुसतं बघितलं.

“हा माझ्या स्कूटरचा रंग आहे,” त्या म्हणाल्या.

आणि आमचे मामा, देवमाणूस म्हणा नाहीतर आणखी काही, खुशीत पुढे सरसावले. त्यांना वाटलं, कामाचं कौतुक चाललंय.

“हो ना, बाई. मिळता मिळेना तो हिरवा. किती डबे एकात एक ओतले. आणि घडी बघा कशी पडलीय. साहेब, तुम्ही तेव्हा गाडी लांब कुठेतरी नेलीत दुरुस्तीला, मला फार लागलं होतं ते. असा पोचा हातात यायला नशीब लागतं.”

झालं होतं ते असं. त्या दुपारनंतर चेअरमनने गाडीवर जाड कव्हर घातलं होतं, ऊन लागतं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याने कव्हरचा कोपरा उडाला तेव्हा मामा कामावर निघाले होते. त्यांनी ती घडी बघितली. दहावीच्या पोराने पोरीकडे बघावं तशी बघितली, मनात उतरवून घेतली आणि निघून गेले. गाडी दुसऱ्या गावाला जाऊन गुळगुळीत होऊन परत आली, पण मामांच्या डोक्यात ती त्या सकाळचीच राहिली, कारण त्यांच्या मते त्या गाडीच्या आयुष्यात तेवढी एकच बघण्यासारखी गोष्ट घडली होती. नर्सबाई पडल्याचं त्यांना माहीत होतं. हॉस्पिटलात ते डबाही पोचवून आले होते. पण हे आणि ते त्यांनी कधी एकाशेजारी एक ठेवलंच नाही. मी नंतर त्यांना धारेवर धरलं, अहो तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही? ते हातातला पॉलिश पेपर घडी करत बसले. मग म्हणाले, “ताई, मी रंग बघितला. बाई नाही बघितली.” त्या दिवसापासून ते नर्सबाईंसमोर मान वर करेनासे झाले.

सभेत चेअरमन पहिल्यांदा तांबडे झाले, मग हसले. खेळण्यावर कुणी काहीही रंगवेल, म्हणाले. उद्या कुणी माझ्या खेळण्यातल्या गाडीवर रक्त रंगवेल, मग मला फाशी देणार का? सेक्रेटरीने घड्याळ बघितलं आणि सभा पुढे ढकलली. पुढे ढकलणं हा आमच्या बिल्डिंगचा रामबाण उपाय आहे. दुखणं राहतं, वैद्य सुटतो.

मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. ती गाडी फडक्यात गुंडाळून पोलीस चौकीत न्यायची होती मला, पुरावा म्हणून. मामा देईनात. मग मी तशीच गेले. तिथल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, म्हणजे तक्रार खेळण्याची आहे? त्याच्या टेबलासमोर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण खोटं त्यात काही नव्हतं.

परत येऊन मी मामांवर भडकले. बाई जन्माची लंगडी झाली आणि तुम्ही साक्ष दाबून बसलात, असंच म्हणाले मी. त्यांनी शांतपणे सांगितलं की ती साक्ष नाही, गाडी आहे. कुणी मला विचारलं तर मी तोंडाने सांगेन काय बघितलं ते, कुठेही येऊन सांगेन. पण तिला कोर्टाच्या कपाटात कुजू देणार नाही. मला त्या वेळी हे हट्टीपणाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं. आणि त्यांना विचारायला चौकीतून आजवर कुणी आलेलं नाही.

मग चेअरमन स्वतः जिन्याखाली आले. मामी ताट घेऊन तिथेच होत्या, त्यांनीच मला शब्दन् शब्द सांगितलं. छत खाली असल्यामुळे चेअरमनना वाकून उभं राहावं लागलं, हेही सांगायला त्या विसरल्या नाहीत. गोड बोलले. म्हणाले, मामा, तुमच्या हातात कला आहे. झालं गेलं सोडा. एवढा एक हिरवा पट्टा आणि ती घडी तेवढी नीट करून द्या, गाडी मी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवतो. खोली तुमची. लेखी देतो, आजच देतो.

मामींनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना काय वाटत होतं ते त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. त्यांना वाटत होतं, कर रे बाबा. पांढरा रंग, एक बोटभर. कुणाचं काय जातंय. नर्सबाईंचा पाय काही त्याने परत यायचा नाही.

मामांनी गाडी उजेडात धरली, दारावरून अंगठा फिरवला. हिरव्यावर पांढरा मारता येईल, म्हणाले. पण घडी आत गेलीय. ती काढायची तर दारच बदलावं लागेल.

मग बदला, चेअरमन म्हणाले. तुमचं रोजचंच काम आहे ते.

“रोजचंच आहे,” मामा म्हणाले. “गॅरेजात मी सगळ्यांचे पोचे काढतो, साहेब. कुणी कुणाला उडवलं ते विचारत नाही. पोट आहे. पण इथे मी पोट घेऊन येत नाही.”

आणि गाडी त्यांनी परत खोक्यात ठेवली. मामी म्हणतात, त्या क्षणी त्यांना ताट नवऱ्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं आणि त्याच ताटात त्याला वाढावंसंही वाटलं. चेअरमन सरळ उभे राहायला गेले आणि छताला टाळकं आपटून घेऊन बाहेर पडले.

पुढच्या सभेत खोली पाडायला हात वर झाले. आता ह्यात ज्यांना न्यायाचा विजय वाचायचा असेल त्यांनी दुसरीकडे जावं. कोणी कुठे गाडी लावायची हे चेअरमन ठरवतात, आणि गाडी जवळजवळ प्रत्येकाकडे आहे. ज्याच्या हाती पार्किंग, त्याच्यामागे हात. सगळ्यांनी तो हिरवा पट्टा बघितला होता. सगळ्यांना समजलं होतं. काहींनी हात वर करताना जमिनीकडे बघितलं, एवढीच त्यांची लाज. शिकवण्या घेणारे एक सर आहेत आमच्याकडे, मुलांना सचोटीवर निबंध लिहायला लावतात. त्यांनी हात अर्धा वर केला आणि केस खाजवल्यासारखं दाखवलं. सेक्रेटरीने तोही मोजला. आमच्या बाजूला मी, मामांच्या घराचं मत द्यायला आलेल्या मामी, नर्सबाई आणि टॅक्सीवाला. टॅक्सीवाल्याला मताचा अधिकार नाही, तो समोरच्या गल्लीतला. तरी त्याने दोन्ही हात वर केले.

खोली पडली. मजुरांना भिंत पाडायला एक सकाळ पुरली. मामा कामावर गेले होते. मामींनी गाड्या एकेक करून पदराखाली वर नेल्या, आणि त्या दिवशी त्या जिन्यात भेटेल त्याला काय काय बोलल्या हे बिल्डिंग अजून विसरलेली नाही. घरात गाड्या कपाटावर, पलंगाखाली, तांदळाच्या डब्याशेजारी. पण टेबलाला जागा नव्हती. मामा कामावरून यायचे आणि हात धुऊन नुसते बसायचे. मी हे बघितलंय म्हणून सांगते, काम करणारा माणूस रिकाम्या हाताने बसला की त्याचे हात परक्याचे दिसतात.

नर्सबाई काठी टेकत त्यांच्या दाराशी आल्या. मामा उठून भिंतीला चिकटले. बाई बसल्याच नाहीत. म्हणाल्या, फाटकाजवळ माझी पार्किंगची जागा आहे. घराबरोबर विकत घेतलेली, माझ्या नावावर आहे, कागदावर आहे, ती कुणाच्या बापाला काढता येत नाही. तिथे माझी स्कूटर लागायची. टेबल टाका. आणि स्कूटर करून द्या मला माझी.

मामांनी फरशीकडे बघत विचारलं, कशी करू, म्हणजे, पडल्यानंतरची की...

“आदल्या दिवशीची,” बाई म्हणाल्या. “पण नवी नको हं. डावा आरसा तडकलेला होता. आणि सीट मांजरीने फाडली होती, ते राहू द्या.”

टॅक्सीवाल्याने वर पत्रा टाकून दिला. दिवा आम्ही नर्सबाईंच्या मीटरवरून घेतला. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीची नोटीस लागली, पार्किंगच्या जागेत वाहनाखेरीज काही ठेवू नये. मी उत्तर लिहायला बसणार होते, चांगलं चार पानी. नर्सबाईंनी नोटिशीच्या खालीच पेनने लिहिलं: ‘माझं वाहन दुरुस्तीला टेबलावर आहे.’ आणि सही ठोकली.

मामा आता तिथे बसतात. उघड्यावर. येणारा जाणारा थांबतो, वाकतो, काहीजण आपल्या गाडीचा फोटो आणून विचारतात, आमची करता का. काहींनी सभेत हात वर केला होता. मामा त्यांच्याही करतात. माझ्याने झालं नसतं, मी त्यांना हाकललं असतं. ह्यावरून आमचं भांडण होतं आणि मी हरते, कारण मामा तोवर पुढच्या गाडीची मापं घ्यायला लागलेले असतात.

नर्सबाई संध्याकाळी खुर्ची टाकून टेबलाशेजारी बसतात. स्कूटरचं हँडल झालंय, मांजरीची नखं राहिलीत. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्यांच्या अगदी पुढून वळावं लागतं. खोली पाडून झालेली जागा मुलाच्या गाडीला गेली आणि तिचं नाक वळणात येतं, त्यामुळे चेअरमनला आता आपली पांढरी गाडी भिंत आणि खांब यांच्या मधल्या सापटीत मागे मागे घ्यावी लागते, आणि मागचं त्यांना काही दिसत नाही. ते काचा वर करून येतात. नर्सबाई काठी उचलतात आणि त्यांना जागा दाखवतात.

“या, या,” त्या मोठ्याने म्हणतात. “अजून या. बघून. थांबा. तुमच्या मागे माणूस आहे.”